नववीतला पेला, तिशीतला मेंदू

दिवाळी सरली की भंडारा जिल्ह्यात मंडया भरू लागतात. आज या गावची, उद्या शेजारच्या. हलके धान निघालेले असते, भारी धान अजून बांधीत उभे असते, लेकी-जावई आलेले असतात. दिवसा दंडार, रात्री झाडीपट्टीचे नाटक. वर्षातला हा आनंदाचा काळ आहे आणि तो तसाच राहावा. पण याच दिवसांत आणखी एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी घरात कुणी बोलत नाही.

साकोली, लाखनी, लाखांदूर, पवनी या तालुक्यांतल्या गावांत काम करताना आम्ही तरुणांना एक प्रश्न हमखास विचारतो. पहिल्यांदा कधी घेतली? कुणी म्हणतो मंडईत. कुणी म्हणतो मोठ्या भावाच्या वरातीत. कुणी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत, प्रचाराच्या शेवटच्या रात्री. आणि हे लिहिताना हात अडखळतो, पण लपवण्यात अर्थ नाही: काही जण सांगतात, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत. तेव्हा वय काय होते? पंधरा, सोळा, एखाद्याचे चौदा. ही काही शास्त्रीय पाहणी नव्हे. विहाराच्या ओट्यावर, क्रिकेटच्या मैदानाबाहेर झालेल्या गप्पा आहेत. पण त्या गप्पांतून एक समजूत इतक्या वेळा समोर आली की तिची नीट तपासणी करावी असे आम्हाला वाटले.

समजूत अशी: "मंडईत घेतो ना जी, रोज कुठं घेतो? पोलीस भरती निघाली की बंद. लग्न झालं की बंद." म्हणजे दारूचे नुकसान पिणे चालू असेपर्यंतच असते, सोडली की हिशेब मिटला.

गेल्या पंचवीस-तीस वर्षांतले संशोधन सांगते की पोरवयात घेतलेल्या दारूचा हिशेब असा मिटत नाही.

माणसाचा मेंदू आकाराने लहानपणीच जवळजवळ पूर्ण वाढतो, पण आतले बांधकाम विशीच्या मध्यापर्यंत, म्हणजे साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. किशोरवयात दोन मोठी कामे होतात. एक म्हणजे निंदण. लहानपणी मेंदूपेशींमध्ये गरजेपेक्षा जास्त जोडण्या तयार झालेल्या असतात. ज्या वापरात आहेत त्या टिकतात, बाकीच्या उपटल्या जातात. दुसरे काम म्हणजे उरलेल्या जोडण्यांवर चरबीयुक्त आवरण चढवणे, जसे विजेच्या तारेवर असते. त्यामुळे संदेश वेगाने आणि न गळता जातो. हे काम मेंदूत सगळीकडे एकाच वेळी होत नाही. भावना, भीती, मजा यांच्याशी संबंधित भाग लवकर तयार होतात. कपाळामागचा भाग, ज्याला प्रीफ्रंटल कॉर्टेक्स म्हणतात, तो सर्वात शेवटी. थांब, विचार कर, उद्या काय होईल ते बघ, असे सांगणारा हाच भाग. सोळा वर्षांच्या मुलाकडे इंजिन पूर्ण ताकदीचे असते आणि ब्रेक अजून बसवले जात असतात. यात त्याचा दोष काही नाही. निसर्गाचा क्रमच तसा आहे.

या चालू बांधकामात दारू शिरली तर काय होते, हे पाहायला अमेरिकेत २०१२ पासून एक मोठा अभ्यास सुरू आहे. १२ ते २१ वयाची ८३१ मुले-मुली त्यात घेतली. बहुतेकांनी तोवर दारू घेतलेली नव्हती किंवा अगदी नावापुरती घेतली होती. ठरावीक काळाने त्यांच्या मेंदूची छायाचित्रे काढली जातात. हा तपशील महत्त्वाचा, कारण आधीच्या अभ्यासांवर एक रास्त आक्षेप होता: ज्यांचा मेंदू मुळात वेगळा असतो तीच मुले दारूकडे वळत असतील, तर दोष दारूला कसा द्यायचा? इथे दारूच्या आधीचे चित्रही हाती आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसले की जी मुले पुढे जास्त प्रमाणात पिऊ लागली, त्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागातले करडे द्रव्य इतरांपेक्षा वेगाने घटत गेले. या वयात थोडी घट सगळ्यांचीच होते, ते निंदणच आहे. पण वेग वाढला तर तणाबरोबर धानही उपटले जात असेल, ही भीती आहे.

ज्यांना हे सगळे लांबचे वाटते त्यांच्यासाठी पुढचा प्रयोग. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात सुभाष पांडे आणि त्यांचे सहकारी यावर अनेक वर्षे काम करत आहेत. त्यांनी किशोरवयीन उंदरांना दारू दिली. रोज नाही. दोन दिवस दिली, दोन दिवस बंद, पुन्हा दोन दिवस. माणसांच्या भाषेत शनिवार-रविवार. आमच्या भाषेत मंडई. मग दारू थांबवली आणि उंदीर प्रौढ होऊ दिले. प्रौढपणी ते इतर उंदरांपेक्षा जास्त भेदरट, चिंताग्रस्त निघाले आणि दारू समोर ठेवली तेव्हा त्यांनी ती जास्त प्यायली. 'रोज कुठं घेतो' या वाक्याचे उत्तर या प्रयोगाच्या मांडणीतच आहे. अधूनमधून, पण एका बैठकीत भरपूर, हाच तर तो प्रकार होता.

हे घडते कसे? मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग आहे. भीती आणि काळजी यांचे नियंत्रण तिथून होते. तिथे आर्क नावाचे एक जनुक काम करते, पेशींमधल्या जोडण्या लवचीक ठेवण्यासाठी ते लागते. किशोरवयातल्या दारूने हे जनुक तुटत नाही, पण त्याच्यावर जणू कुलूप पडते आणि ते कुलूप मोठेपणीही राहते. २०२२ साली याच गटाने जनुक-संपादनाच्या तंत्राने प्रौढ उंदरांच्या मेंदूतले ते कुलूप उघडून पाहिले. चिंता कमी झाली, पिणे कमी झाले. उलट, ज्या उंदरांना लहानपणी दारू दिलीच नव्हती त्यांच्यात तेच जनुक दाबले, तर ते भेदरट झाले. दोन्ही बाजूंनी पडताळा आला. अर्थात हा उंदरांवरचा प्रयोग आहे, उद्या भंडाऱ्याच्या दवाखान्यात असे इंजेक्शन मिळेल असे कुणी समजू नये.

माणसांबाबतचा पुरावा त्याहून तोकडा आहे, तरी आहे. सिडनीच्या एका मेंदूपेढीत मरणोत्तर जतन केलेल्या ४४ जणांच्या मेंदूंतील अमिग्डालाची याच गटाने तपासणी केली. ११ जणांनी २१ वर्षांच्या आत पिणे सुरू केले होते, ११ जणांनी त्यानंतर, आणि २२ जणांना दारूचा आजार नव्हता. लवकर सुरू करणाऱ्यांच्या मेंदूत, पेशींना पोसणाऱ्या एका प्रथिनाला दाबून ठेवणारा रेणू वाढलेला आढळला. उशिरा सुरू करणाऱ्यांत तो बदल नव्हता. पिणारे दोन्ही गट होते, फरक सुरुवातीच्या वयाचा होता. अकरा ही संख्या लहान आहे, हे आम्ही विसरत नाही.

आता हे गावात आणून पाहा. आमच्या कामात तिशीच्या आसपासचे असे किती तरी तरुण भेटतात, ज्यांना तुम्ही दारुडे म्हणणार नाही. कामावर जातात, घरात भांडण नाही. पण चार माणसांत बोलायचे म्हटले की छातीत धडधड, मुलाखतीच्या आदल्या रात्री झोप नाही, बायकोने साधा प्रश्न विचारला तरी अंगावर येणे. मग "जरा हलकं वाटावं म्हणून" पव्वा. त्यांना वाटते की चिंता आधी आणि दारू नंतर आली. कुणा एकाकडे बोट दाखवून, तुझी ही बेचैनी नववीतल्या पेल्यामुळे आहे, असे म्हणता येत नाही, आणि म्हणूही नये. बेकारी आहे, कर्ज आहे, जातीचा रोजचा काच आहे. पण ज्या चिंतेवर औषध म्हणून दारू घेतली जाते, ती चिंता काही अंशी लहानपणच्या दारूनेच पेरली असेल, ही शक्यता आता दुर्लक्षित करण्याजोगी राहिलेली नाही.

मराठी मुलखाला लागून असलेल्या गोव्यात याच प्रश्नावर मोठी पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली आले. उत्तर गोव्यातील २० ते ४९ वयाच्या पुरुषांना विचारले गेले. १९५६ ते १९६० या काळात जन्मलेल्यांपैकी १९.५ टक्के लोकांनी किशोरवयात पिणे सुरू केले होते. १९८१ ते १९८५ दरम्यान जन्मलेल्यांत हे प्रमाण ७४.३ टक्के. पाचांतल्या एकावरून चारांतल्या तिघांवर, पंचवीस वर्षांत. आणि लवकर सुरू करणाऱ्यांत पुढे दारूचे व्यसन, अपघात-इजा आणि मानसिक त्रास जास्त आढळला. अमेरिकेतल्या १९९७ च्या एका मोठ्या विश्लेषणात पंधरा वर्षांच्या आत सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयुष्यात कधी तरी व्यसनाधीन झाले होते, विशीनंतर सुरू करणाऱ्यांपैकी सुमारे १० टक्के.

कुणी म्हणेल, देशाचे आकडे तर इतके भयंकर नाहीत. एम्सने २०१९ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय अहवालात १० ते १७ वयोगटात दारू घेणारे १.३ टक्केच आहेत. बरोबर. पण घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीत, आई चुलीपाशी असताना, पंधरा वर्षांचा मुलगा काय उत्तर देईल याचा विचार करावा. त्याच अहवालात १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के, पुरुषांत २७.३ टक्के लोक पितात. या सगळ्यांनी विशी ओलांडल्यावरच सुरुवात केली असे मानायला आमचे मन धजत नाही. आणि हेही स्पष्ट करू: हा प्रश्न आपल्याच वस्तीचा नाही. गावात पाटलाच्या वाड्यापासून टोलीपर्यंत सगळीकडे बाटली पोचलेली आहे. दारू म्हटली की आपल्याकडे बघायचे ही इतरांची सवय आपण मान्य करण्याचे कारण नाही.

तरीही आपल्याला हा प्रश्न जास्त महागात पडतो, असे आम्हाला वाटते. ज्याच्या घरी वीस एकर धान आहे किंवा तुमसरच्या बाजारात दुकान आहे, त्याचा मुलगा स्पर्धा परीक्षेत मागे पडला तरी शेत आणि दुकान त्याला सांभाळून घेते. आपल्या बहुतेक घरांत वडिलोपार्जित म्हणून जे आहे ते एवढेच: शिकण्याची संधी आणि ती पेलणारे डोके. १९५४ साली बाबासाहेबांनी ज्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली, तिथल्या आपल्या आजोबा-पणजोबांनी रोजीने रोवणी करून पोरांना शाळेत घातले. स्मरणशक्तीसाठी लागणारा हिप्पोकॅम्पस हा भाग किशोरवयात दारूला विशेष हळवा असतो, हे कळल्यावर ही मजुरी आठवते.

आता सरकारकडे वळू. १० जून २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने दारूवरील उत्पादन शुल्क वाढवले. विदेशी मद्यावरचे शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचार पट झाले, देशी दारूवर प्रूफ लिटरला १८० वरून २०५ रुपये. वर्षाला सुमारे १४ हजार कोटींचे जादा उत्पन्न अपेक्षित आहे. दारू महाग झाली की तरुण कमी पितात, हे जगभरचे निरीक्षण आहे आणि जागतिक आरोग्य संघटनाही करवाढीची शिफारस करते. म्हणून या निर्णयाला आम्ही सरसकट विरोध करणार नाही. पण त्याच निर्णयात धान्यापासून बनणाऱ्या 'महाराष्ट्र मेड लिकर' या नव्या प्रकाराला जागा दिली गेली. १८० मिलिलिटरला किमान किंमत देशीची ८०, या नव्या प्रकाराची १४८ आणि विदेशीची २०५ रुपये. म्हणजे महाग दारू परवडेनाशी झालेल्याला मधली पायरी बांधून दिली. हेतू आरोग्याचा असता तर ही पायरी कशाला लागली असती?

आणि भंडाऱ्यापुरते बोलायचे तर करवाढीचा हा बाण निशाण्यावर पोचतच नाही. कर बसतो तो परवान्याच्या दारूवर. जंगलाच्या कडेला, नाल्याच्या काठी जो मोहाचा सडवा घातला जातो, त्यावर कसला कर? ती किती टक्के कडक आहे हे गाळणाऱ्यालाही ठाऊक नसते. पुण्या-मुंबईच्या मुलाला करवाढ थोडीफार अडवेल, लाखांदूरच्या मुलाला नाही. शिवाय लाखांदूरच्या पलीकडे गडचिरोली, जिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. एका जिल्ह्यात दुकान आणि शेजारच्या जिल्ह्यात बंदी अशी सीमा असली की ने-आण करणारे हात लागतात, आणि कोवळे हात स्वस्त पडतात.

कायद्याची अवस्थाही बघा. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी २१ आणि देशी-विदेशी दारूसाठी २५ वर्षांची अट आहे. पंचवीस! मेंदूचे बांधकाम आटोपते तेच वय. कायदा करणाऱ्यांनी मेंदूशास्त्र वाचून ठरवले असेल असे नाही, पण अट योग्य आहे आणि तिची टिंगल करणे थांबवले पाहिजे. त्याहून मोठे हत्यार २०१५ च्या बाल न्याय कायद्यात आहे. कलम ७७ प्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला दारू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कलम ७८ मुलांना दारूच्या विक्री-वाहतुकीला लावणाऱ्यांसाठी आहे, शिक्षा तीच. आम्ही काम करतो त्या गावांत कलम ७७ खाली गुन्हा नोंदला गेल्याचे आमच्या पाहण्यात एकदाही आलेले नाही. एका दुकानासमोर शाळेच्या गणवेशातली मुले उभी असल्याची तक्रार आम्ही केली, तेव्हा मिळालेले उत्तर होते: "बापासाठी नेत असतील." मे २०२४ मध्ये पुण्यात सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखाली दोन तरुण इंजिनिअर गेले, तीनशे शब्दांच्या निबंधाची अट घालून जामीन झाला, तेव्हा अल्पवयीनांना दारू कोण देतो यावर राज्यभर चर्चा झाली. ती पबपर्यंत जाऊन थांबली. आमच्याकडे पब नाही. आमच्याकडे मामाचे अंगण आहे, वरातीमागची जीप आहे.

म्हणून आता स्वतःकडे. पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. सिगालोवाद सुत्तात गृहस्थाला दारूचे सहा तोटे सांगितले आहेत, त्यांत धनहानी, भांडण, रोग यांच्याबरोबर प्रज्ञा दुबळी होणे हाही एक आहे. हे वाचून "बघा, आमच्याकडे मेंदूशास्त्र आधीच होते" असे काही जण म्हणू लागतात. तसे म्हणू नये. तो निरीक्षणातून आलेला उपदेश होता, जनुकांचा अभ्यास नव्हता, आणि तपासून घ्या असे सांगणाऱ्या धम्माला अशा फुशारकीची गरजही नाही. आमचा मुद्दा वेगळा आहे. शील आपण व्यक्तीवर सोडले. प्रतिज्ञा मुलाने घ्यायची, मोडली तर तो वाईट. पण ज्या वयात त्याचा ब्रेक बसलेलाच नाही, त्या वयात त्याच्या एकट्याच्या निग्रहावर भिस्त ठेवणे हा आपला गाफीलपणा आहे. पाचव्या शीलातला 'पमाद' हा शब्द आम्हाला इथे मोठ्यांना उद्देशून वाटतो.

याचा व्यवहारात अर्थ काय? पहिला पेला पुढे ढकलणे. आयुष्यभराची शपथ सोळा वर्षांच्या मुलाच्या गळी उतरत नाही, पण गावाने त्याला पाच वर्षे दारूपासून लांब ठेवता येते. जयंतीच्या मिरवणुकीचे नियोजन समितीकडे असते. डीजेचा आवाज, मार्ग, वर्गणी हे सगळे बैठकीत ठरते, मग प्यायलेला माणूस मिरवणुकीत नको आणि पोरांना पाजणाऱ्याचे नाव पोलिसांत जाईल, हे का ठरू नये? दोन गावांत आम्ही हा विषय मांडला. एका ठिकाणी ठराव झाला. दुसऱ्या ठिकाणी ज्येष्ठ मंडळी म्हणाली, "वर्षातून एक दिवस तर आहे." उंदरांनाही रोज दिली नव्हती, हे तिथे सांगायचे राहून गेले.

बायकांच्या हाती आडव्या बाटलीचा मार्ग आहे. एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होते आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली तर परवान्याचे दुकान बंद होते. निम्म्याहून अधिक म्हणजे यादीतल्या, मतदानाला आलेल्यांपैकी नव्हे. रोवणी-कापणीच्या दिवसांत मतदान आले की बाया शेतावर आणि ठराव पडला. म्हणून तारखेकडे लक्ष हवे. हातभट्टी मात्र या मतदानाने बंद होत नाही, तिच्यासाठी गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या मुक्तिपथच्या धर्तीवर गावोगाव समित्या लागतील.

जे आधीच पीत आहेत त्यांचे काय, हा प्रश्न एका बैठकीनंतर एका मुलाने आम्हाला बाजूला घेऊन विचारला. वय एकोणीस, भरतीसाठी रोज पहाटे धावतो. "मी नववीत असताना घेतली होती जी. मंग माझं तं झालंच असंल ना नुकसान?"

आम्ही त्याला जे सांगितले ते असे. मेंदूचे स्कॅन करून घ्यायची गरज नाही, त्यातून तुला एकट्याला काही कळणार नाही. जे संशोधन झाले ते शेकडो मुलांच्या सरासरीचे आहे, तुझे भविष्य त्यात लिहिलेले नाही. दारू थांबली की मेंदू बऱ्याच अंशी सावरतो, आणि तुझे बांधकाम तर अजून पाच-सहा वर्षे चालू आहे. बेचैनी वाटली, झोप लागेना, तर ती दारूने दाबू नको. ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात मैत्री क्लिनिक असेल तर तिथे जा, तिथे किशोरवयीनांशीच बोलतात. फोनवर बोलायचे तर टेलिमानसचा १४४१६ आहे, मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी वेगळा १४४४६ आहे.

त्याने खिशातून मोबाईल काढला. पहिला नंबर जतन करताना नाव काय टाकू म्हणून थोडा थांबला. घरचे मोबाईल बघतात. मग त्याने 'धान खरेदी केंद्र' असे टाकले.